डुकरिणीचा पहिला दिवस

नुकतीच व्यालेली डुकरीण पोटावर पालथी पडते, सड अंगाखाली दाबून. पिल्लं कडेने मुसंड्या मारत किंचाळत राहतात. खाद्याला ती तोंड लावत नाही. कास हाताला गरम आणि टणक लागते. गाई-म्हशींची दगडी पाहिलेल्या शेतकऱ्याला हे दुखणं ओळखता येईल. पण इथे हाताशी वेळ फार थोडा असतो.

ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू शेणा-मुताने ओल्या जमिनीवरून सडांत शिरतात आणि व्यायल्यावर दोन-तीन दिवसांतच कासदाह, म्हणजेच दगडी, होतो. जंतूंच्या विषाने ताप चढतो, पान्हा आटतो. एरवीही डुकरिणीच्या कासेत गाईसारखी दूध साठवायची पोकळी नसते. साधारण तासाभराने पान्हा सुटतो आणि १०-२० सेकंदांत संपतो. पिल्लू तर जवळजवळ चरबीविना जन्मतं. वारेतून त्याला आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त चिकावर. साधारण २५० ग्रॅम चीक पहिल्या २४ तासांत पोटात जायला हवा. त्यानंतर आतडं ती प्रतिपिंडं शोषून घेत नाही.

या धास्तीने व्यालेल्या प्रत्येक डुकरिणीला सरसकट प्रतिजैविक टोचणं चूक आहे. युरोपीय संघाने जनावरांना असं सरसकट प्रतिजैविक देण्यावर २८ जानेवारी २०२२पासून बंदी घातली. भारतानेही २०१९मध्ये पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर बंद केला. अशा औषधांना न जुमानणारे जंतू गोठ्यात थांबत नाहीत, माणसांपर्यंत पोचतात.

त्यापेक्षा विण्याआधी कप्पा धुऊन कोरडा करावा, कास साफ करावी, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून चोथ्याचं खाद्य आणि भरपूर पाणी द्यावं. व्यायल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावावा. पारा १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेला, किंवा ती खाईना, पाजेना, तर लगेच पशुवैद्याला बोलवावं. गरजेप्रमाणे प्रतिजैविक, सूज उतरवणारं औषध आणि पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन तेच ठरवतील. तोवर भुकेली पिल्लं उबेत ठेवून दुसऱ्या ताज्या व्यालेल्या डुकरिणीला लावावीत.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० माद्या आणि १० नरांच्या वराहपालन प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान मिळतं. एवढ्या माद्या म्हणजे आठवड्याला साधारण चार बाळंतपणं, आणि त्यांतली कित्येक रात्रीची. म्हणून प्रकल्प मंजूर करतानाच दोन गोष्टी पाहायला हव्यात: विण्यासाठी वेगळे, कोरडे कप्पे आहेत का, आणि रात्री हाकेला येणारा पशुवैद्य कोण.