रेवदंड्याचा सातखणी मनोरा

मांडव्याच्या किनाऱ्यावरून समोर मुंबई दिसते, आणि दक्षिणेस थळच्या बाजूस गेलें म्हणजे समुद्रांत खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरीचा दुर्ग शिवछत्रपतींनीं १६७९ सालीं बांधावयास घेतला, हें आमच्या शाळेंतील लहान मूलही सांगेल. २०२५ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली, याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु त्याच किनाऱ्यानें अलिबाग व चौल ओलांडून रेवदंड्यास गेलें असतां माडांच्या राईंत जो उंच चौकोनी मनोरा दिसतो, त्याविषयीं विचारल्यास बहुधा एवढेंच उत्तर मिळतें कीं, 'तें पोर्तुगीजांचें आहे.' या उत्तरांतील अनास्थेविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

मध्ययुगांत स्कॉटलंड व आयर्लंड या देशांतील जमीनदार उंच दगडी मनोऱ्यांतच घर करून राहत. खालीं कोठार, वर दिवाणखाना, त्याहून वर निजावयाच्या खोल्या. जाड भिंती, अरुंद जिना आणि चिंचोळ्या खिडक्या, अशी त्यांची रचना असे. आपल्याकडील देशमुखांच्या गढ्याही अशाच गरजेंतून निर्माण झाल्या. राजा दूर आणि शेजारी बेभरंवशाचा असला म्हणजे घरालाच किल्ला व्हावें लागतें.

रेवदंड्यास हाच प्रकार व्यापाराच्या रूपानें आला. १५१६ सालीं पोर्तुगीजांनीं निजामशहाकडून वखारीची परवानगी मिळविली. १५२१ सालीं त्यांनीं तेथें किल्ला बांधावयास घेतला आणि १५२४ सालापर्यंत तो पुरा केला. त्या बुरुजबंद वखारीस लोक चौबुरुजी म्हणतात. मागणी वखारीची होती. उभा राहिला तो किल्ला!

सातखणी मनोरा मुळांत फ्रान्सिस्कन मठाच्या देवळाचा. सात मजल्यांवरून त्यास हें नांव पडलें. आज त्यांपैकीं चारच मजले शिल्लक आहेत. १५७०-७१ सालीं मुर्तझा निजामशहानें या शहरास वेढा घातला, तेव्हां फ्रान्सिस्कनांचा मठही गढीप्रमाणें लढविला गेला. प्रार्थनेची जागाही युद्धाचें ठाणें व्हावी, असा तो काळ होता. पुढें १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि १७४० सालच्या तहानें रेवदंडा मराठ्यांकडे आला.

आतां आमच्या मित्रांस आम्ही विचारतों : जें तहानें आपलें झालें, तें अद्यापि परक्याचें कसें? शत्रूची इमारत ढासळली म्हणून त्याचा इतिहास पुसला जात नाहीं. आपल्या पूर्वजांनीं काय मिळविलें याचा साक्षीदार मात्र नाहींसा होतो. ज्यास वसईचा अभिमान आहे, त्यास रेवदंड्याची हेळसांड शोभत नाहीं.

अशा इमारतीस तोफेपेक्षां पाण्याचें भय अधिक. छप्पर गेलें कीं पावसाचें पाणी भिंतींत मुरतें, चुना सुटतो, भेगेंत पिंपळाचें रोप रुजतें आणि त्याचें मूळ दगड दूर सारतें. तें काम जाणत्या कारागिरांचें व सरकारचें आहे. पण खिळ्यानें भिंतीवर आपलें नांव कोरणें, पडलेला दगड घराच्या जोत्यासाठीं उचलून नेणें, या गोष्टी पाऊस करीत नाहीं, माणसें करतात. आणि त्या थांबविण्यास कोणाच्याही हुकुमाची गरज नाहीं.

पालकांस आमची विनंति आहे कीं, खांदेरी दाखविण्यास मुलांस न्याल तेव्हां एक दिवस रेवदंड्यासाठींही राखावा. विद्यार्थ्यांनीं तेथें वही व पेन्सिल घेऊन जावें. मनोऱ्याचे मजले मोजावेत, त्याचें चित्र काढावें, गांवांतील वृद्धांस त्याच्या आठवणी विचाराव्यात. ज्यानें एकदां त्या भिंतीचें चित्र मन लावून काढलें, तो तिच्यावर खिळा चालविणार नाहीं, अशी आमची खात्री आहे. सातांपैकीं तीन मजले आपण पाहिलेच नाहींत. उरलेले चार तरी आपल्या धाकट्या भावंडांस पाहावयास मिळोत.