अनुसूचित क्षेत्रातील नगरपंचायतींच्या हद्दीतील पाड्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नगरपंचायत झाल्यामुळे ग्रामसभेचे गेलेले अधिकार पाड्यांना परत मिळणेबाबत.

महोदय,

७४व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत ही संस्था संक्रमणशील क्षेत्रासाठी, म्हणजे जेथे पेठ वाढली आहे पण शिवार सुटलेले नाही अशा ठिकाणासाठी, योजली आहे. राज्यात २०१४ नंतर तालुक्याचे मुख्यालय हाच निकष धरून ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत सरसकट रूपांतर झाले आणि त्यात मोखाडा, तलासरी, सुरगाणा, पेठ, धडगाव, एटापल्ली, भामरागड ही अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीचे संरक्षण असलेली, ठिकाणेही आली. उत्तर सह्याद्रीतील अशा गावात तहसील कचेरी, बँक, झेरॉक्सची दुकाने आणि एसटी थांबा एवढी रस्त्याकडेची पेठ संपली की लगेच नागली-वरईची शेते व पाडे लागतात. पावसाळ्यात याच पाड्यांवरच्या बाया शेवळे आणि करटोली घेऊन आठवडी बाजारात पोते पसरून बसतात.

पेसा, अर्थात अनुसूचित क्षेत्रांत पंचायतींचा विस्तार करणारा १९९६ चा कायदा, गौण वनोपजाची मालकी, भूसंपादनापूर्वीचा सल्ला आणि योजनांच्या लाभार्थींची निवड हे विषय ग्रामसभेकडे सोपवतो. तो पंचायतींपुरताच असल्याने नगरपंचायत होताच त्याचा आधार तुटतो. प्रभाग समितीची घटनात्मक सक्ती ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच असल्यामुळे पाड्यावरील माणसाला उभे राहून जाब विचारण्याची हक्काची जागा उरत नाही. शिवाय घटनेचा नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही, संसदेला तसा कायदा करावा लागतो. त्यासाठीचे विधेयक २००१ मध्ये मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. ही अट केवळ तांत्रिक समजून ओलांडणे गैर आहे.

तरी शासनाने अनुसूचित क्षेत्रातील या नगरपंचायतींच्या वैधतेबाबत राज्याच्या महाधिवक्त्यांचे मत घेऊन ते प्रसिद्ध करावे. शेती व वनोपजावर जगणारे पाडे हद्दीतून वगळून त्यांच्या ग्रामपंचायती पुन्हा स्थापाव्यात. तोवर त्या पाड्यांतील जमिनीचे संपादन वा बिगरशेती परवानगी पाड्याच्या सभेच्या लेखी ठरावाविना देऊ नये. आणि बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून येणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांसाठी पाणी, सावली व स्वच्छतागृह यांचा खर्च बाजारशुल्कातून प्रथम करण्याचे आदेश द्यावेत.

या मागण्यांवरील निर्णय पाड्यांवर वाचून दाखविता येईल अशा सोप्या मराठीत लेखी कळविण्यात यावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
नगरपंचायत हद्दीतील पाड्यांचे रहिवासी