दुष्काळातले तुकोबा

१६३० च्या दुष्काळाने देहूच्या तुकोबांचे दुकान बुडवले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. श्रद्धाळू माणूस अशा वेळी दैवाला बोल लावून हातपाय गाळतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सरसकट खोटा नाही; नशिबाच्या नावाखाली अन्याय गिळायला लावणारे आजही आहेत. भूक धान्यानेच भागते, हेही खरे. पण घरचे माणूस गेल्यावर सकाळी उठायचे कशासाठी, हा प्रश्न धान्याने सुटत नाही, आणि तुकोबांना तिथे विठ्ठल उपयोगी पडला. दुःख त्यांनी लपवले नाही, अभंगांत ते उघडेच आहे. मोडकळीला आलेले देऊळ त्यांनी पुन्हा उभे केले. आणि परंपरा सांगते, आपल्या वाट्याची कर्जखते, म्हणजे गांजलेल्या ऋणकोंच्या मानेवरचे जू, त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली.