घरातले सुतारकाम आणि भुशाची नळी

आपल्या वस्त्यांतून अनेक सुतार कारागीर पडवीत किंवा मागच्या खोलीतच कटर मशीन आणि रंधा मशीन टाकून पोट भरतात. भिंतीपलीकडे मुले अभ्यास करतात, स्वयंपाक होतो. म्हणून लाकडाचा भुसा हा नुसता झाडलोटीचा प्रश्न नाही, तो साऱ्या घराच्या छातीचा प्रश्न आहे.

जाड भुसा खाली पडतो, तो झाडता येतो. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धुळीचा आहे. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कामगारांत नाकाचा एरवी दुर्मिळ असा कर्करोग जास्त आढळतो, हे तेथील डॉक्टरांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असे जाहीर केले. दमा, शिंका, अंगाला खाज ही दुखणी तर वेगळीच.

काही जण भुसा ओढणारा पंखा, म्हणजे डस्ट कलेक्टर, विकत आणतात. पण 'तो ओढतच नाही' अशी तक्रार करतात. बहुतेक वेळा दोष पंख्याचा नसून नळीचा असतो. नळी बसवताना एवढे पाळावे :

१) पंख्याच्या तोंडापेक्षा मुख्य नळी अरुंद करू नये. ४ इंची नळीपेक्षा ६ इंची नळीचे तोंड सव्वादोन पट मोठे असते. पण पंखा लहान आणि नळी फार रुंद असली, तर हवा मंदावते आणि भुसा वाटेतच साचतो.

२) नळी शक्य तितकी आखूड व सरळ न्यावी. काटकोनी वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे जोडावी. फाटा 'टी'चा नको, हवेच्या दिशेने तिरपा 'वाय'चा घ्यावा.

३) घड्यांची लवचीक नळी फक्त मशीनजवळ, हात-दोन हातच वापरावी. तिच्या घड्यांत हवा अडते.

४) प्रत्येक फाट्याला झडप बसवावी. चालू मशीनची उघडी, बाकीच्या बंद. सांधे पट्टीने हवाबंद करावे. स्क्रूची टोके आत येऊ देऊ नयेत, त्यांत छिलका अडकतो.

५) पत्र्याची नळी अर्थिंगला जोडावी. पिशवी वेळेवर रिकामी करावी. जवळ विडी-काडी अजिबात नको.

साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. म्हणून पंखा बाहेर आडोशाला ठेवावा, पण शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नव्हे. आत ताजी हवा येण्यास खिडकी उघडी असावी. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, एन-९५ मास्कच लावावा. मशीन चालू असताना मुलांना तेथे येऊ देऊ नये.

नळीवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कारागिराची छाती शाबूत राहिली, तरच घरची चूल पेटती राहील.