भाड्याला उशीर झाला म्हणून दंड कसला?

पाच तारखेपर्यंत भाडे पोचले नाही तर सहा तारखेपासून रोज शंभर रुपये दंड, अशी अट आज अनेक घरमालक घालतात. कुठे ती करारात असते, कुठे नुसती तोंडी. आपल्या वस्त्यांतला ठेक्यावरचा सफाई कामगार किंवा सिक्युरिटी गार्ड यांचा पगारच मुळी दहा-बारा तारखेला होतो. म्हणजे दंड ठरलेलाच! आणि तो मुकाट्याने भरला जातो.

कारण उघड आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. आजही आडनाव सांगितले की "खोली कालच गेली" हे उत्तर आपल्या मुलांना ऐकावे लागते. एवढ्या मुश्किलीने मिळालेली खोली हातची जाऊ नये म्हणून भाडेकरू तोंड उघडत नाही. हा दंड कायद्यावर नव्हे, तर या भीतीवर उभा आहे.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार प्रमाण भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ यांहून जास्त रक्कम भाड्यापोटी घेता येत नाही. कलम १५ नुसार थकबाकीसाठी घर खाली करून मागायचे तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते व ९० दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि न्यायालय सांगेल तो खर्च भरला व पुढेही भाडे भरत राहिले, तर त्या कारणावरून घराबाहेर काढता येत नाही. उशिराबद्दल रोजचा दंड घेण्याचा अधिकार या कायद्याने घरमालकाला कुठेही दिलेला नाही.

हिशोब करून पाहा. चार हजार भाड्याला दहा दिवस उशीर झाला, तर १५ टक्क्यांनी व्याज होते सुमारे साडेसोळा रुपये. घरमालक घेतो एक हजार! म्हणजे वर्षाला नऊशे टक्क्यांहून जास्त दर. देण्यापेक्षा जास्त उकळणाऱ्या खोतांविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. खोती गेली, तिची रीत मात्र शहरात शिल्लक आहे.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र कलम १५ चे संरक्षण नाही. तेथे करार पाहावा लागतो. पण करारात लिहिले म्हणजे सर्व वसूल होते, असे नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद खटल्यात हेच स्पष्ट केले. उशिराची वाजवी रक्कम टिकेल, शिक्षा म्हणून लावलेला दंड टिकणार नाही.

तोंडी अटींचे तर बळच कमी. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणे कलम ३१ ने बंधनकारक आहे. दंडासाठी पाणी किंवा वीज तोडणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे.

याचा अर्थ भाडे बुडवा, असा कोणी घेऊ नये. भाडे वेळेवर द्या, शक्यतो बँकेतून द्या, पावती मागा. आणि आपल्याच समाजात ज्यांनी आता दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनीही आपल्या करारातील दंडाचे कलम एकदा वाचावे. समतेची भाषा बोलायची आणि पहिल्या तारखेला सावकार व्हायचे, हे चालणार नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका व जिल्हा न्यायालयात त्यासाठी कार्यालय आहे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास भाडेकरूंचे करार वाचायला ठेवला, तरी कित्येक घरांतला हा दंड बंद होईल. जयभीम!