आईला आरोपी करू नका

मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. घरातील ज्येष्ठ समजूत घालतात, ‘काही मुले उशिराच बोलतात.’ आणखी दोन वर्षे जातात आणि त्याच घरात स्वर बदलतो, ‘आईने कधी लक्ष दिले का?’ ती नोकरी करणारी असेल तर दोष नोकरीचा, घरी असेल तर लाडाचा, आणि काहीच सापडले नाही तर गर्भारपणातील ग्रहणाचा! स्वमग्नता, अतिचंचलता किंवा अध्ययन अक्षमता यांचे निदान मुलाचे होते. शिक्षा मात्र आईला होते.

या दोषारोपाला एकेकाळी शास्त्राचे वस्त्रही चढविले गेले होते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले. पुढे ‘आईच्या मायेतील गारठा’ हेच या अवस्थेचे कारण, असे मत तेथे प्रतिष्ठा पावले. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्याला मोठी प्रसिद्धी दिली. एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी मात्र १९६४ मध्येच ही अवस्था जैविक असल्याचे मांडले होते. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. आईचे संगोपन हे तिचे कारण नव्हे. पश्चिमेने टाकून दिलेला हा आरोप आपल्या माजघरात अजून का नांदावा?

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा येथे स्मरणीय आहे. त्याच्या शारीरिक व्यंगाचा दोष ती कथा माता सुजातेच्या माथी मारत नाही. शापवाणी पित्याची होती. जनकाच्या सभेत अखेर मान मिळाला तो त्याच्या ज्ञानाला, आणि त्या पित्याची सुटकाही त्याच पुत्राने केली. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. तिचा बोध मात्र घराच्या उंबरठ्यावरच राहतो.

कुटुंबव्यवस्था हे हिंदू समाजाचे बलस्थान आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या बलस्थानाची कसोटी येथेच लागते. या आईची झोप वर्षानुवर्षे तुटलेली असते. ती लग्नकार्याला जाणे टाळते. कारण ढोल-ताशा सुरू होताच मूल कान झाकून किंचाळते आणि सगळ्या माना तिच्याकडे वळतात. उपचार, शाळा, प्रवास हे सारे तिच्या एकटीच्या खांद्यावर असते. अशी खचलेली माता मुलाला धीर कोठून देणार? मुलाच्या उपचाराइतकीच तिच्या मनःस्वास्थ्याची चिंता हे वडिलांचे, आजी-आजोबांचे, काका-आत्याचे कर्तव्य आहे. ‘आपल्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न तिने एकटीने उशाशी घेऊन झोपावे, हे एकत्र कुटुंबाला शोभत नाही.

कायद्याने आपले पाऊल टाकले आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश झाला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तीसाठी प्रौढपणी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. परंतु कायदा प्रमाणपत्र देऊ शकतो. आईच्या शेजारी जाऊन बसू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीपासून प्रारंभ करावा. संपर्कासाठी एखाद्या घरी गेल्यावर अशा मातेला उपदेश न करता तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि आठवड्यातील एक संध्याकाळ मुलाला सांभाळण्याची जबाबदारी चार घरांनी वाटून घ्यावी. बालशाखेत किंवा संस्कारवर्गात एखादे मूल रांगेत उभे राहत नसेल, शिट्टीच्या आवाजाने बिथरत असेल, तर ‘बेशिस्त’ म्हणून त्याला घरी पाठवू नये. शिट्टी बाजूला ठेवावी आणि त्याला जमेल असे एक काम द्यावे. शिस्त ही समाज जोडण्यासाठी असते, कोणाला वगळण्यासाठी नव्हे. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्यांनी एवढे तरी करायलाच हवे.