यंत्राची रोजनिशी

लक्ष्मीपूजनाला पेढीवर नव्या वह्या मांडल्या जातात, तेव्हा जुन्या व्यापाऱ्यांची एक शिस्त आठवते. दिवसभरातली देवघेव ते एकदम पक्क्या किर्दीत उतरवीत नसत. आधी कच्च्या खर्ड्यावर टिपायची, आणि दिवेलागणीनंतर जेवढी खरी ठरेल तेवढीच किर्दीत चढवायची. ही शिस्त संगणकालाही शिकवावी लागते, आणि ती न शिकवल्याने हजारो मोटारी कारखान्याच्या दारी परत बोलवाव्या लागल्या, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

संगणक म्हटला की आपल्यापुढे टेबलावरचे यंत्र येते. पण भिंतीवरचा राऊटर, दुकानातला कॅमेरा, मोटारीतला पडदा, हेही संगणकच. त्यांच्या पोटात फिरती तबकडी नसते, फ्लॅश जातीची चिप असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. सारी स्मृती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. वीज गेली तरी लिहिलेले जात नाही, हा तिचा मोठा गुण.

अवगुण पुसण्यात आहे. चिपच्या प्रत्येक कप्प्यात विद्युत्कण कोंडलेले असतात आणि भोवती काचेसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. लिहिताना वा पुसताना जास्त दाब देऊन ते कण या पापुद्र्यातून आरपार ढकलावे लागतात. दर खेपेला पापुद्रा थोडा दुखावतो, आणि शेवटी कण धरून ठेवण्याची त्याची ताकद संपते. एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या चिपा सुमारे १,००,००० वेळा पुसणे सोसतात. तीन बिट कोंबलेल्या स्वस्त चिपा हजार ते तीन हजार वेळा. बरे, एखादे अक्षर तेवढे बदलू म्हटले तर तेही जमत नाही. लिहायचे पानापानाने, पण पुसायचा तो अनेक पानांचा आख्खा खण. पाटीवरची एक वेलांटी दुरुस्त करायला सगळी पाटी पुसावी, तसा हा प्रकार!

आता कोणी विचारील, राऊटर नि मोटार असे लिहितात तरी काय? तर रोजनिशी! अमुक वाजता जागा झालो, अमुक ठिकाणी अडखळलो, पुन्हा प्रयत्न केला. यंत्राची कार्यप्रणाली या नोंदी अहोरात्र ठेवीत असते. लिनक्समध्ये तर पूर्वी याहून गमतीची चाल होती. एखादी फाईल नुसती वाचली तरी 'अमक्या वेळी वाचली' अशी नोंद तिच्यावर होई. वाचण्यासाठीही लेखणी झिजवायची! २००९ पासून ही नोंद नेहमीसाठी आवरती घेतली गेली.

मोटारींची हकीकत अशी. टेस्ला कंपनीने २०१८ च्या आरंभापर्यंत बांधलेल्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या मधल्या पडद्यामागे ८ गीगाबाइटची फ्लॅश चिप होती. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनी मेलेल्या चिपा तपासल्या, तेव्हा त्यांनी बोट दाखवले ते अखंड चाललेल्या नोंदींकडे. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने जानेवारी २०२१ मध्ये हिशेबच मांडला : खण ३,००० वेळा पुसला की संपला, आणि रोजचे पुसणे सरासरी १.४ वेळा. म्हणजे पाच-सहा वर्षांत कारभार आटोपला. चिप गेली की पडदा काळा होई. त्याबरोबर मागचे दाखवणारा कॅमेरा जाई, आणि काचेवरचे धुके घालवण्याची कळही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या आणि ८ च्या जागी ६४ गीगाबाइटची चिप बसवून देण्याचे कबूल केले. लिखाण तेवढेच राहिले तर एकेका खणाच्या वाट्याला आता आठवा हिस्सा येतो.

मात्र हा दोष आहे हे कंपनीला मान्य नव्हते. झिजणारी वस्तू झिजली, असा तिचा सूर. आम्हाला हे पटत नाही. टायर झिजला की डोळ्यांना दिसतो, ब्रेक झिजला की किंचाळतो. चिप मात्र शेवटच्या दिवसापर्यंत मुकाट असते, आणि तिला झिजवणारा हात गाडीच्या मालकाचा नसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा असतो.

उपाय काही अद्भुत नाहीत. एक चिपच्या आतच असतो : तिचा नियंत्रक लिखाण आळीपाळीने सगळ्या खणांवर फिरवतो, म्हणजे झीज वाटली जाते. पण वाटल्याने ती कमी होत नाही, आणि चिप भरत आली की फिरवायला जागाही उरत नाही. खरा उपाय व्यापाऱ्याचा. कच्चा खर्डा रॅमवर, म्हणजे वीज असेतोवर टिकणाऱ्या स्मृतीवर, ठेवायचा. तिला पुसण्याची झीज नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरची कार्यप्रणाली नेमके हेच करते. मूळ प्रणाली हात न लावता येईल अशी बंद करून ठेवलेली, बदलांपुरता वेगळा थर, आणि रोजनिशी रॅममध्ये. जागा भरली की जुन्या ओळींवर नव्या. विंडोजच्या यंत्रांत घालायच्या आवृत्तीतही अशी गाळणी आहे. तिच्यामुळे सारे लिखाण रॅममध्ये अडते, आणि यंत्र पुन्हा चालू केले की पाटी कोरी.

अडचण इथेच येते. यंत्र का बंद पडले हे जिच्यातून कळायचे, ती रोजनिशी यंत्राबरोबरच गेलेली असते. आणि वीज जाणे आपल्याकडे काही नवलाईचे नाही! म्हणून जाणते प्रोग्रॅमकार मधली वाट धरतात. साध्या नोंदी रॅममध्ये, गंभीर बिघाड तेवढा ताबडतोब चिपवर, आणि उरलेल्याची मोट बांधून तासाभराने एकदाच. कुठली नोंद गंभीर, हे मात्र आधी बसून ठरवावे लागते. ते काम कंटाळवाणे, म्हणून टळते.

मोटारींत बसणाऱ्या जातीच्या चिपांना तर २०१३ च्या मानकापासून एक सोय आहे. आपले आयुष्य किती सरले हे त्या दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने सांगू शकतात. विचारायला एक ओळीची आज्ञा पुरते. टायरमधली हवा मोटारीच्या पडद्यावर दिसते, तिच्या शेजारी हा एक आकडा सहज मावेल.